टाकाऊ द्या, सोने न्या

"एक बातमी! फक्त एक बातमी टाकतो. रविवारी या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली, तर विलास शेडगे हे नाव बदलीन!"

असं म्हणून विलासरावांनी चटईवर जोरात थाप मारली. चटईतून अशी काही धूळ उठली, की समोर बसलेल्या नूतनला सटासट शिंका आल्या. शिंका आवरल्यावर ती म्हणाली, "काका, मुंग्या नकोत. माणसं आणा."

प्रसंग बाका होता. रोह्यासमोरच्या अष्टमी गावातलं कला-हस्तकला केंद्र म्हणजे कुंडलिका नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावरचा एक लांबट हॉल. एकेकाळी त्यात भाताची पोती रचलेली असत. शेजारीच प्रविणशेठची गिरणी. शेठच्या वडिलांनी मोठ्या मनाने हॉल केंद्राला वापरायला दिला होता. पुढे वडील गेले, गिरणीतलं जुनं यंत्रही एक चाक मोडून बंद पडलं, आणि रिकाम्या बसलेल्या शेठना हॉलची आठवण वारंवार येऊ लागली. त्यात एक मंडपवाला त्यांच्या मागे लागला होता. त्याला कनाती, खुर्च्या आणि नवरा-नवरीचं लाल मखमली सिंहासन ठेवायला जागा हवी होती.

"ताई, मी रविवारी येऊन बघतो," शेठ नूतनला म्हणाले होते. "माणसं दिसली तर केंद्र ऱ्हाऊ दे. नाय दिसली, तर सिंहासन येऊ दे."

आणि माणसं दिसणं हीच तर अडचण होती. नूतन शाळेत चित्रकला शिकवायची आणि शाळेतून उरलेला सगळा जीव केंद्रात ओतायची. भरतकाम, मातीकाम, कागदकाम, सगळे वर्ग तिने सुरू केले होते. वर्गांना दोन-चार बायका यायच्या आणि कुकरच्या वेळेला निघून जायच्या. नदीवरच्या वाडीतली ठमी बांबूच्या टोपल्या शिकवायला यायची. पण शिकायला कोणी नसल्यामुळे ती एकटीच टोपली विणत आणि दारावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी भांडत बसायची.

केंद्राच्या बातम्या लोकांपर्यंत पोचवायचं काम विलासरावांकडे होतं. विलासराव नागोठण्याजवळच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. उभा जन्म सुरक्षा विभागात गेला. तिथे भिंतीवरच्या सगळ्या सूचना त्यांच्या हातच्या. त्यामुळे आपण लेखक आहोत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. रोह्याच्या व्हॉट्सॲप गटांवर ते केंद्राच्या बातम्या टाकत. उदाहरणार्थ:

'केंद्रात मातीकामाचा वर्ग झाला. माती ओली होती. कोणासही इजा नाही.'

किंवा, 'भरतकाम वर्ग शांततेत पार पडला. सर्व सुया परत मिळाल्या.'

किंवा, 'राखी कार्यशाळा. आग लागल्यास मागील दाराने बाहेर पडावे.'

आता राखी करायला जाऊन आगीत सापडण्याची हौस कोणाला असणार? लोक घरीच राहत!

पण या वेळी नूतनने कंबर कसली होती. पेणहून तिने सुजयला बोलावलं होतं. सुजय पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. हात इतका हलका, की डोळा उघडल्यावर मूर्ती आता 'बस ना' म्हणेल असं वाटावं. फावल्या वेळात तो बाटल्या, पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका यांच्यापासून फुलदाण्या, दिवे, पक्षी असं काहीबाही सुंदर करायचा. 'टाकाऊपासून टिकाऊ' अशी कार्यशाळा ठरली.

"काका, एवढंच लिहा," नूतनने बजावलं. "येताना घरातल्या रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे आणि जुन्या लग्नपत्रिका आणा. बस्स."

"तू निर्धास्त राहा!" विलासराव म्हणाले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

रात्रीच्या जेवणाआधी विलासराव आपल्या रोह्यातल्या घरी ओटीवर मोबाईल घेऊन बसले. आत मालूवहिनी भाकऱ्या थापत होत्या. भिंतीवर कंपनीने निरोपसमारंभात दिलेलं घड्याळ होतं. घड्याळ कसलं, कपाटच ते! दर तासाला त्यातून एक पक्षी बाहेर येई आणि कोणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा ओरडे. विलासरावांना तो आवाज सतारीसारखा गोड वाटे. मालूवहिनी त्या वेळी डोळे मिटून घेत.

"रिकाम्या बाटल्या आणा, असं कसं लिहायचं?" विलासराव स्वतःशीच पुटपुटले. "अर्धं रोहा शनिवारी रात्री भरलेल्या बाटल्या रिकाम्या करत बसेल! उद्या केंद्राचं नाव खराब!"

"मग काय लिहिताय?" मालूवहिनींनी आतून विचारलं.

"भारदस्त काहीतरी! पुठ्ठे-बिठ्ठे नाय. ऐक. 'सूचना. येत्या रविवारी सकाळी अष्टमी कला-हस्तकला केंद्रात पेणचे सुप्रसिद्ध कलाकार श्री. सुजय हे आपल्या घरातील नको असलेल्या लहानमोठ्या सर्व वस्तूंचे डोळ्यांदेखत सोने करतील. वस्तू सोबत आणणे बंधनकारक. हेल्मेटची आवश्यकता नाही.' कसं वाटतंय?"

भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला.

"नको असलेली कुठलीबी वस्तू?" वहिनींनी विचारलं.

"कुठलीही!"

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि भाकरी पुन्हा सुरू झाली. तो 'बरं' जरा जास्तच गोड होता. पण लेखनाच्या धुंदीत असलेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकू येत नाहीत.

बातमी सुटली! आणि बाण सुटावा तशी नाही, दावं तोडून वासरू सुटावं तशी सुटली. रोह्याच्या एका गटात कोणीतरी तिला मथळा चढवला, 'टाकाऊ द्या, सोने न्या!' नागोठण्यात पोचेपर्यंत तिच्याखाली 'साठा मर्यादित' असं लागलं होतं. पेणला 'फक्त एकच दिवस!' आणि धरमतरच्या खाडीवर ती पोचली तेव्हा तिला शेपूट फुटलं होतं, 'वस्तू जेवढी मोठी, तेवढं सोनं जास्त!'

शनिवारी विलासरावांचा फोन दिवसभर वाजत राहिला.

"शेडगेसाहेब काय? जरा मोठी वस्तू आणली तर चालेल काय हो?"

"मोठीच आणा! लहानात काय मजा?"

"आन् खरोखर सोनं व्हतं?"

"व्हतं म्हणजे? तुमच्या डोळ्यांदेखत! पेणचा माणूस हाय, काय समजलात!"

"लगेच घरी न्यायला भेटेल?"

"हातोहात! संध्याकाळी शोकेसमध्ये ठेवा, शेजारीपाजारी बघत राहतील!"

पलीकडचा माणूस आनंदाचा असा काही हुंदका द्यायचा, की विलासरावांना वाटे, कलेची केवढी ही भूक! त्यांनी नूतनला फोन केला. "पोरी, दहा चटया आणखी आण. आणि चहाचं मोठं पातेलं. बातमी लागली हाय!"

रविवारी सकाळी विलासराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कंपनीची जुनी शिट्टी अडकवून आणि बगलेत बॅटरीवरचा छोटा भोंगा मारून निघाले. मालूवहिनी घरात नव्हत्या. "पुढे गेली वाटतं तयारीला," ते मनात म्हणाले आणि खूश झाले.

पुलावर आले, आणि थांबले. थांबले म्हणजे थांबावंच लागलं! कुंडलिकेच्या पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेम्पो, रिक्षा, हातगाड्या. कुठे फ्रीज उभा, कुठे आडवा. एका मोटारसायकलवर नवरा-बायकोच्या मध्ये कपडे धुण्याचं यंत्र बसलेलं, जणू घरातलं थोरलं पोर. एका रिक्षातून लोखंडी पलंगाचे चार पाय चारी दिशांना आलेले. एक म्हातारबा डोक्यावर टीव्ही घेऊन चालले होते, तो जुना, मागे ढेरी असलेला.

"कुठे निघालात, बाबा?" विलासरावांनी विचारलं.

"सोनं आणाया!" म्हातारबा म्हणाले. "त्या केंद्रावर कुनी शेडगे हाय. टीवी घेतो आन् सोनं देतो."

विलासरावांनी बगलेतला भोंगा पाठीमागे लपवला.

ते वाट काढत, टेम्पोंना वळसे घालत, एका सोफ्यावरून चढून पलीकडे उतरत केंद्रापाशी पोचले. दारात नूतन उभी होती. तिचा चेहरा पातेल्यातल्या चहापेक्षा तापला होता.

"काका, काय लिहिलं होतंत तुम्ही?"

"तू सांगितलंस तेच… जरा अलंकारिक."

"अलंकारिक? तिथे बघा तुमचा अलंकार!"

तिने गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. एक टेम्पो उलटा येत होता, आणि त्यावर एक होडी होती. खरीखुरी, निळी-पिवळी, नाकावर डोळे रंगवलेली मासेमारीची होडी! टेम्पोपेक्षा होडी लांब. तिचं शेपूट बाजूच्या किराणा दुकानाच्या पत्र्याला घासत, करकरत आत आलं. टपावरून धरमतरचा कान्हू कोळी ओरडत होता, "बाजूला व्हा! सगल्यात मोठी वस्तू आमची हाय! पयला नंबर आमचा!"

"कान्हूभाऊ, होडी?" विलासरावांनी विचारलं.

"तुमीच बोललाव ना फोनवर, मोठीच आना! बुडाशी फुटलीय, बाकी झकास हाय. करा सोनं!"

तेवढ्यात गर्दीतून घामाने निथळलेला एक तरुण पुढे आला. खांद्याला झोळी, झोळीत कात्री, डिंक आणि रंगाच्या चार डब्या. तो सुजय! एसटीतून उतरून पूल चालत आला होता.

"काका, कार्यशाळा इथेच ना?" त्याने विचारलं. मग होडी बघितली. मग फ्रीज बघितले. मग हातातली कात्री बघितली. "काका… यातलं नक्की काय कापायचं?"

"आला! सोनेवाला आला!" कोणीतरी ओरडलं.

गर्दी सुजयवर लोटली. नूतनने प्रसंग ओळखून त्याला दंडाला धरून हॉलमध्ये ओढलं आणि कडी घातली. आता दाराबाहेर एकटे विलासराव, आणि समोर अख्खा तालुका.

नेमक्या याच क्षणी प्रविणशेठची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे यायला जागाच नव्हती. शेठ उतरून चालत निघाले. पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात बोटभर जाडीची साखळी, पाच बोटांत चार अंगठ्या. आता तुम्हीच सांगा, सोनं घ्यायला आलेल्या गर्दीत असा माणूस शिरला तर गर्दीने काय समजावं?

"शेठ आले! सोनं यांच्याकडे हाय!"

"शेठ, आमचा फ्रीज बघा! नुस्ता गॅस गेलाय!"

"शेठ, पलंग! सासऱ्यांचा हाय, शुद्ध लोखंड!"

"अरे, मला कशाला दाखवताय?" शेठ मागे सरकत म्हणाले. "मी फक्त माणसं बघायला आलोय!"

"माणसं नंतर बघा, आधी मिक्सर बघा!"

एका बाईने मिक्सर त्यांच्या छातीला टेकवला. मागून कपडे धुण्याचं यंत्र आलं. डावीकडून ढेरीवाला टीव्ही. शेठनी चारी बाजूंना बघितलं, आणि जिथे मिळाली तिथे वाट काढली. म्हणजे वर! टेम्पोच्या चाकावर पाय ठेवून ते सरळ होडीत चढले.

"शेठ, चपला काढून चढा!" कान्हू गरजला. "लक्ष्मी हाय ती आमची!"

"लक्ष्मी हाय तर विकतोस कशाला?"

"विकत कोन देतोय? सोनं करून घेतोय!"

शेठनी मुकाट्याने चपला काढल्या आणि छातीशी धरून होडीच्या मधोमध उभे राहिले. खाली माणसांची लाट, वर शेठ. त्यांची नजर गर्दीवरून फिरत विलासरावांवर आली. "शेडगे!" ते ओरडले. "हे काय चाललंय माझ्या दारात?"

आता बोलणं भाग होतं. विलासराव एका तीन पायांच्या स्टुलावर चढले, शिट्टी फुंकली आणि भोंगा तोंडाला लावला.

"सूचना! सर्वांनी शांतता राखावी! बातमीत एक किरकोळ गैरसमज झालेला आहे. 'सोने करणे' हा… हा एक वाक्प्रचार आहे!"

गर्दी शांत झाली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग मागून एका बाईने विचारलं, "वाक्प्रचार किती तोळ्याचा येतो?"

"तोळ्याचा नाय हो! वाक्प्रचार म्हणजे तसं बोलायचं, पण तसं नसतं!"

"म्हंजे फसवनूक!" टीव्हीवाले म्हातारबा ओरडले.

झालं! गर्दीतून असा काही आवाज उठला, की तीन पायांचं स्टूल दोन पायांवर आलं. विलासराव खाली आले ते थेट एका उघड्या फ्रीजमध्ये बसले. भोंगा घरंगळत दाराशी गेला. दार उघडलं, नूतनने तो उचलला आणि शाळेतल्या दंगेखोर वर्गापुढे चढवावा तसा आवाज चढवला.

"ऐका! सोनं नाय! कोणालाच नाय! चुकी आमची हाय, मी हात जोडते. पण चहा हाय, आणि तो सगळ्यांना हाय! उन्हातून आलात, बसा!"

चहा म्हटल्यावर रागाची धार जरा बोथट झाली. कपावर कप फिरू लागले. पण चहा पिता पिता लोकांना खरी अडचण दिसू लागली. बरेच टेम्पोवाले माल उतरवून कधीच पसार झाले होते!

"आता हा फ्रीज घरी कसा न्यायचा मी?" रोह्याची रोशनी रडकुंडीला आली. "चालतो चांगला, पण दार निखळलंय!"

पलीकडे नागोठण्याचा आदर्श म्हणून एकजण होता. तो विलासरावांना ज्या फ्रीजमधून बाहेर काढत होता, त्या फ्रीजकडे त्याने एकदा बघितलं. "ताई, आमचा अजिबात चालत नाय. पण दार ठणठणीत हाय. याच कंपनीचा हाय ना तुमचा?"

रोशनीने डोळे पुसले. दोघांनी दोन्ही फ्रीज शेजारी शेजारी उभे केले. लोकांनी कोंडाळं केलं. नवरा-नवरी जोडीने उभे राहिल्यावर माना वाकड्या करून बघतात ना, तसे सगळे बघू लागले. कोणीतरी पाना आणला. दार उतरलं, दार चढलं, खट्कन लागलं!

"जमलं!" सगळी गल्ली ओरडली.

आणि मग जे सुरू झालं, ते कोणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. ज्याला त्याला दुसऱ्याच्या भंगारात आपलं काहीतरी दिसू लागलं. आपल्या घरी दहा वर्षं अडगळीत पडलेली वस्तू शेजाऱ्याने हातात घेऊन फिरवून बघितली, की लगेच तिचा भाव वाढे. पलंग देऊन शिवणयंत्र आलं. शिवणयंत्र देऊन दोन खुर्च्या आल्या. टीव्हीवाल्या म्हातारबांनी टीव्ही एका पिंजऱ्याला दिला आणि पिंजरा परत टीव्हीला दिला, कारण घरी काय सांगायचं हे त्यांना सुचेना.

फ्रीजमधून सुटलेले विलासराव या गर्दीतून फिरत होते, आणि अचानक कानावर ओळखीचा आवाज आला. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्याचा! ते गर्रकन वळले. आदर्शच्या बायकोच्या कवेत त्यांचं घड्याळ होतं. आणि समोर मालूवहिनी, हातात मिक्सरचं लखलखीत भांडं घेऊन, लग्नात मिरवावं तशा उभ्या.

"मालू! हे काय?"

"तुम्हीच लिहिलंत ना, नको असलेली कुठलीबी."

"अगं, पण ते मला हवं होतं!"

"ते लिहायला पायजे होतं," वहिनी म्हणाल्या. "बघा, झाकणसुद्धा बसतंय!"

विलासरावांनी आदर्शच्या बायकोपुढे हात जोडले. ती म्हणाली, "नाय हो काका! आमचे मामंजी बहिरे हायत. एवढ्या मोठ्यानं ओरडणारं घड्याळ आम्हाला कुठं भेटणार?" आणि पक्ष्यासकट ती गर्दीत दिसेनाशी झाली.

इकडे शेठ अजून होडीतच होते. पण आता ते घाबरलेले नव्हते, वाकून वाकून बाजार बघत होते. आणि एकदम त्यांनी अशी किंकाळी फोडली, की होडी हलली.

"ते चाक! ए बाई, ते चाक कुठून आणलंस?"

खाली ठमी बसली होती. तिच्यापुढे एक दातेरी, बिडाचं, गंजलेलं चाक. वाडीवर तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण मुंगसाने उचलू नये म्हणून ती ते वजनाला ठेवायची. सोन्याच्या आशेने नातवाच्या सायकलवर घालून तिने ते आणलं होतं.

शेठ होडीतून उतरले नाहीत, त्यांनी उडीच मारली. अनवाणी! चाकापाशी गुडघ्यावर बसून त्यांनी दात मोजले, कडेवर बोट फिरवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "हेच! बाबांच्या यंत्राला लागतं ते चाक! दोन वर्षं मुंबईपर्यंतची दुकानं पालथी घातली. आता बनतच नाय म्हणतात! बाई, दे मला!"

"सोनं द्या," ठमी म्हणाली.

"सोनं नाय, ऐकलंस ना?"

"मंग चाक नाय."

"अगो, पैसे देतो!"

"पैसं मी काय करू? मुंगूस पैशाला भितंय काय?"

"तुला दुसरं वजन देतो! पाटा देतो, वरवंटा देतो!"

ठमीने पदराने वारा घेतला. गल्लीतले सगळे सौदे थांबले. सगळे या सौद्याभोवती जमले. ठमीला इतकी माणसं ऐकायला कधीच मिळाली नव्हती. ती सावकाश बोलली.

"त्या हॉलात लय उकडतं. टोपली इणताना घाम डोळ्यात जातो. पंखा लावा."

"लावतो! एक काय, दोन लावतो!"

"आन् म्होरल्या उन्हाळ्यात बंद पडला मंग?"

"दुरुस्त करून देईन! दर उन्हाळ्याला देईन, बाई! आधी चाक दे!"

ठमीने चाक पुढे सरकवलं. शेठनी ते कपड्यांची पर्वा न करता पोटाशी धरलं. पांढऱ्या सदऱ्यावर गंजाचा मोठा तांबडा गोल उमटला.

नूतन गर्दीतून पुढे आली. ती हळूच म्हणाली, "शेठ, दर उन्हाळ्याला म्हणजे… केंद्र इथेच राहणार?"

शेठनी गल्लीभर नजर फिरवली. तालुक्यातली अर्धी माणसं टक लावून त्यांच्याकडे बघत होती. "नाय तर काय, त्या सिंहासनाला पंखे लावू?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तुमचं केंद्र! शेडगे, मला माणसं बघायची होती. आली. पण पुन्हा बोलवाल तेव्हा आधी मला विचारा!"

टाळ्या पडल्या. नूतनने ठमीला मिठीच मारली. "सोड गो, उकडतंय," ठमी म्हणाली.

पसार झालेले टेम्पोवाले फोन करून परत बोलावले गेले, आणि दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. होडीचं कोणाशी जमलं नाही. कान्हूने जाता जाता ती हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि 'पुढल्या आयतवारी नेतो' म्हणाला. (ती अजून तिथेच आहे. मुलं तिच्यात बसून चित्रं काढतात.)

शेवटी हॉलमध्ये उरले ते सुजय, त्याची कात्री, आणि न उघडलेली डिंकाची बाटली. बिचारा पेणहून आला होता आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं! विलासरावांना लाज वाटली. ते मुकाट्याने मांडी घालून त्याच्यासमोर बसले. "शिकव बाबा," ते म्हणाले. "विद्यार्थी हाय."

सुजय मनापासून शिकवू लागला. विलासरावांनी फिनेलची रिकामी बाटली कापली, लग्नपत्रिकांची पिसं चिकटवली, बोटं बोटांना चिकटवली, ती सोडवली, पुन्हा पिसं चिकटवली. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला पेनं ठेवायचा एक मोर तयार झाला. सुजयने तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि सौम्यपणे म्हणाला, "काका, रंग छान जमलेत. हे… कोंबडी आहे ना?"

पण विलासराव तरंगतच घरी गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पहिली वस्तू केली होती! मालूवहिनी नव्या भांड्यात चटणी वाटत होत्या. विलासरावांनी मोर पुढे धरला. वहिनींनी हात पुसले, मोराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि हसल्या.

"थांबा, नीट धरा छातीशी. फोटो काढते. गटावर टाकते सगळ्यांना."

विलासरावांचा ऊर भरून आला. केस सारखे करून ते ताठ उभे राहिले. फोटो निघाला. वहिनी पुन्हा चटणीकडे वळल्या. थोड्या वेळाने त्यांचा मोबाईल वाजला. कौतुक वाचायला म्हणून विलासरावांनी तो घाईघाईने उचलला.

फोटो झकास आला होता. हसरे विलासराव, हातात मोर. खाली वहिनींनी लिहिलं होतं, 'फुकट द्यायचं हाय. कोणाला पायजे असेल तर घेऊन जा गो.'

आणि त्याखाली रोशनीने लगेच विचारलं होतं, 'वहिनी, दोघांतलं कुठलं?'